पुरणयंत्रातून बुयाबेस

समुद्रापासून शेकडो मैलांवर, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, मार्से शहराचे बुयाबेस हे प्रसिद्ध मासळीचे कालवण घरी रांधायचे तर काय काय जमवावे लागते? चँडलरमधल्या एका मराठी घरातला वृत्तान्त.

चँडलरला समुद्र नाही. ज्या अ‍ॅरिझोना राज्यात हे शहर आहे, त्या राज्यालाही किनारा नाही. आसपासच्या गिला आणि सॉल्ट या नद्यांची पात्रे वर्षाचे बरेच दिवस कोरडी पडलेली असतात. पॅसिफिकवरचे सॅन डिएगो गाठायचे तर सुमारे साडेतीनशे मैल गाडी हाकावी लागते. शेजारच्या फीनिक्समध्ये २०२३च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या ४३ अंशांच्या खाली आले नव्हते. अशा ठिकाणी कोणी बुयाबेस घरी करते म्हटल्यावर ऐकणारा आधी हसतो. कारण फ्रेंच स्वयंपाकात ताज्या मासळीसाठी इतके अडून बसलेले दुसरे कालवण नाही. चँडलरच्या दक्षिण भागातल्या एका मराठी घरात मात्र दर हिवाळ्यात बुयाबेसचा टोप चढतो. गेल्या डिसेंबरात मी तिथे पंगतीला होतो.

घरधनी वेंगुर्ल्याचा, चिपच्या कारखान्यात अभियंता. बायको पुण्याची. लग्नाआधी मासळीच्या वाटेलाही न गेलेली आणि आता घरातली मासळी एकहाती सांभाळणारी. आजी, म्हणजे त्याची आई, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली. आमची नावे तेवढी छापू नका, ही तिघांचीही अट. म्हणून इथे घरधनी, सूनबाई आणि आजी एवढेच.

डॉक्टरांचे गाव

चँडलर हे गाव वसवले गुरांच्या डॉक्टरने. कॅनडात जन्मलेले अलेक्झांडर जॉन चँडलर १८८७मध्ये अ‍ॅरिझोना प्रांताचे पहिले पशुवैद्य म्हणून इथे आले. जनावरांपेक्षा जमीन आणि पाणी यांत त्यांचे मन रमले. त्यांनी कालवे काढले, हजारो एकर जमीन ओलिताखाली आणली आणि अ‍ॅरिझोनाला राज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी, १९१२मध्ये, तिचे भूखंड पाडून विकायला काढले. पुढच्याच वर्षी गावात सॅन मार्कोस हे डौलदार हॉटेल उभे राहिले. ते आजही चालू आहे. हॉटेलचे नाव मार्कोस दे निझा या धर्मोपदेशकावरून आले. हा फ्रान्सिस्कन साधू मूळचा नीस शहराचा, म्हणजे मार्से ज्या किनाऱ्यावर आहे त्याच किनाऱ्याचा. १५३९मध्ये सोन्याच्या सात नगरांच्या शोधात तो मेक्सिकोतून उत्तरेला या मुलखात आला. सोने काही सापडले नाही. भूमध्य समुद्राकाठचा माणूस आणि हे वाळवंट यांची गाठ तेव्हाच पडली होती एवढे खरे.

कापूस, अल्फाल्फा आणि काही काळ शहामृगे पाळणारे हे गाव १९८०च्या सुमारास इंटेल आल्यावर पालटले. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेतीन लाखांवर गेली. मराठी माणसे इथे आली ती बहुतेक याच कारखान्यांच्या आणि त्यांच्याभोवतीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या ओढीने. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सगळीकडची. जवळच्या मॅरिकोपा गावात महागणपतीचे देऊळ आहे, त्यामुळे संकष्टीची सोय आहे. मंगळवार-गुरुवार पाळून उरलेल्या वारी मासळी खाणाऱ्यांची सोय ज्याने त्याने स्वतःच करायची.

मार्सेची सनद

मार्से मराठी वाचकाला ठाऊक असते ते मार्सेलिस म्हणून. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली ते बंदर. याच शहराच्या जुन्या बंदराच्या धक्क्यावर आजही सकाळी कोळी टेबले मांडून रात्रीची मासळी विकतात. बुयाबेसची परंपरेने सांगितली जाणारी कहाणी याच धक्क्यावरची आहे. चांगली मासळी गिऱ्हाइकाला जायची. जाळ्यात उरायचे काटेरी, हाडकुळे, डोक्याने मोठे आणि मासाने थोडे असे खडकातले मासे. ते मोठ्या कढईत, चुलीवर, समुद्राच्या पाण्यात उकळायचे, लसूण नि तेल घालायचे आणि सुक्या पावावर ओतून खायचे. थोडक्यात, कोळणीच्या पाटीत शेवटी उरलेल्या बारक्या मासळीच्या वाट्याचे कालवण.

पुढे शहर श्रीमंत झाले, हॉटेले आली आणि गरिबाच्या कढईत केशर पडले. झां-बातिस्त रबूल या आचाऱ्याने १८९७मध्ये प्रोव्हान्स प्रांताच्या स्वयंपाकाचा ग्रंथ काढला; त्यात बुयाबेसला चालणाऱ्या माशांची यादी चाळिसेक नावांची आहे. विसाव्या शतकात पर्यटक वाढले, तसे कुठलाही मासा पिवळ्या रश्श्यात घालून बुयाबेस म्हणून विकणारेही वाढले. तेव्हा १९८०मध्ये मार्सेतल्या काही हॉटेलवाल्यांनी एकत्र येऊन बुयाबेसची सनदच लिहिली. तिच्यात माशांची नावे आहेत: रास्कास हा काटेरी विंचूमासा, पांढरा रास्कास, वीव्ह, गालिनेत, सँ-पिएर, बोदरोआ आणि फिएला. यांतला फिएला म्हणजे आपल्या वामेच्या जातकुळीतला. यांपैकी निदान चार जाती हव्यातच. शेवंड घातली तरी चालते, नाही घातली तरी बिघडत नाही. कांदा, लसूण, टोमॅटो, बटाटा, बडीशेपेचा कंद, ऑलिव्ह तेल, केशर, पार्स्ली ही बाकीची सामग्री. मासे आणि रस्सा वेगवेगळ्या भांड्यांत वाढायचे आणि अख्खा शिजलेला मासा गिऱ्हाइकासमोर सोडवायचा, हेही त्या सनदेत लिहिलेले आहे. आज मार्सेत अशा सनदशीर बुयाबेसला माणशी साठ-सत्तर युरोंच्या पुढे मोजावे लागतात. गरिबाच्या कढईचा प्रवास तो एवढा.

सनद झाली म्हणून भांडणे मिटली असे समजू नये. अमेरिकेला फ्रेंच रांधप शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड १९५३-५४मध्ये मार्सेत राहत होत्या. त्यांचे यजमान तिथल्या अमेरिकी वकिलातीत होते. बुयाबेसमध्ये टोमॅटो पडतच नाही, असे ठणकावून सांगणारी स्थानिक बाई त्यांना भेटली. त्यांनी रबूल उघडून पाहिला, तर टोमॅटो हजर. हा किस्सा त्यांनी आठवणींत सांगितला आहे. मालवण आणि वेंगुर्ले यांच्यात तिरफळे किती ठेचायची यावर जे चालते, तेच तिकडे टोमॅटोवर चालते.

डोके आणि उकळी

सूनबाई या पदार्थाकडे वळली ती टीव्हीवरचा कार्यक्रम पाहून, पण टिकली ती त्यामागचे शास्त्र कळल्यावर. “आमच्याकडे रश्श्याला अंग येते ते वाटणाने,” ती सांगत होती. “इथे नारळ नाही, पीठ नाही, मलई नाही. तरी रस्सा चमच्याला धरतो. मग हे येते कुठून, हा प्रश्न मला सुटत नव्हता.”

उत्तर दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे डोकी आणि हाडे. माशाच्या त्वचेत, हाडांत, कल्ल्यांभोवतीच्या चिवट पडद्यांत कोलाजन असते. बकऱ्याच्या पायासारखे ते तासन् तास उकळावे लागत नाही. माशाचे कोलाजन कमी उष्णतेत आणि थोड्या वेळात विरघळते आणि त्याचे जिलेटिन होते. म्हणूनच अर्ध्या-पाऊण तासात रस्सा ओठांना किंचित चिकटू लागतो. त्याहून जास्त उकळला तर हाडांतला चुना उतरतो आणि चव खडूसारखी होते.

दुसरी गोष्ट उकळी. फ्रेंच स्वयंपाकात माशाचे पाणी हलक्या आचेवर ठेवायचे, बुडबुडासुद्धा हळू यायला हवा, असा दंडक आहे. बुयाबेस हा दंडक मोडते. तिच्यात भरपूर ऑलिव्ह तेल असते आणि रस्सा मोठ्या जाळावर, दणदणीत खळखळ उकळावा लागतो. त्या खळबळीत तेलाचे बारीक बारीक थेंब होतात आणि विरघळलेले जिलेटिन त्या थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. तेल वर तरंगत नाही, रश्श्यातच मुरते. हॅरल्ड मॅकगी यांनी अन्नशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात बुयाबेसच्या जोरदार उकळीचे कारण हेच दिले आहे. जाळ मंद ठेवला, की वर तेलाचा तवंग आणि खाली पाणी. आपल्याकडे तवंगाला मान आहे. मार्सेत तो आळशी आचाऱ्याची खूण ठरतो.

एकदा हे समजले की सनदेतली यादी वेगळ्या नजरेने वाचता येते. काही मासे रश्श्यासाठी आहेत, काही तुकड्यांसाठी. घट्ट मासाचे आधी टाकायचे, नाजूक मासाचे शेवटी. काटेरी, चिकट, मोठ्या डोक्याचे खडकातले मासे हवेत, कारण जिलेटिन त्यांच्यात भरपूर असते. नावे जमली नाहीत तरी ही कामे करणारे मासे जमवता येतात. चँडलरमध्ये जे काही शक्य आहे, ते याच वाटेने.

मासळीचा शोध

शहरात दोन तळी आहेत, डेझर्ट ब्रीझ आणि व्हेटरन्स ओएसिस या बागांमधली. राज्याचे मत्स्यखाते त्यांत हिवाळ्यात ट्राउट आणि गरम दिवसांत कॅटफिश सोडते. परवाना काढून गळ टाकता येतो. घरधनी रविवारी तिथे जाऊन बसतो, पण ते मनाच्या समाधानाला. गोड्या पाण्याचे ते मासे या टोपात चालत नाहीत. ट्राउटचे तेलकट मास आणि कॅटफिशचा मातकट वास केशराच्या वर येतो.

खरी मदार आहे ती डॉब्सन आणि वॉर्नर रस्त्यांच्या चौकातल्या ली ली या प्रचंड आशियाई दुकानावर. व्हिएतनाम, फिलिपाइन्स, चीन, थायलंड, भारत, सगळ्यांच्या रांगा एका छताखाली आणि एका कडेला मासळीचा लांबलचक बाजार. काचेच्या टाक्यांत जिवंत मासे, बर्फाच्या उतरणीवर अख्खे मासे आणि पलीकडे रबरी एप्रन घातलेली, सुरी चालवणारी माणसे. नेहमीच्या अमेरिकी सुपरमार्केटमध्ये मासा म्हणजे कातडी काढलेली, काटा नसलेली, गुलाबी किंवा पांढरी वडी. तिथे डोके मागितले तर विक्रेता गोंधळतो. इथे उलट विचारतात: डोके ठेवू का, दोन फाके करू का, खवले काढू का? व्हिएतनामी आणि फिलिपिनो गिऱ्हाईक डोक्याशिवाय मासा घेत नाही, त्या पुण्याईवर मालवणी माणसाचे निभते.

पाटी वाचायला शिकावे लागते. अमेरिकी कायद्याप्रमाणे २००५पासून मोठ्या दुकानांना मासळीवर ती कोणत्या देशातली आणि समुद्रातली की पाळलेली हे लिहावे लागते. आधी गोठवून नंतर बर्फावर मांडलेला मासा असेल, तर बहुधा तसेही लिहिलेले असते. सूनबाई पाटी वाचते, आजी पाटीकडे ढुंकूनही बघत नाही. ती हातमोजा चढवून कल्ला उघडते, आत लाल आहे की तपकिरी हे बघते, डोळा दाबते, पोटाला बोट लावते. वेंगुर्ल्याच्या बंदरावर पन्नास वर्षे जे केले तेच. दोघींचे मत एक झाले तरच मासा पिशवीत जातो.

त्या दिवशी पिशवीत गेले ते असे. पॅसिफिकचा रॉकफिश, अख्खा, लालसर. लाल स्नॅपर, आपल्या तांबोशीचा भाऊबंद; त्याची आणखी दोन मोठी डोकी वेगळी. घट्ट मासाच्या मंकफिशचा शेपटाकडचा भाग, कारण मार्सेचा बोदरोआ म्हणजे हाच. पांढऱ्या हॅलिबटचे चार तुकडे. मूठभर सालीसकट कोळंबी, फक्त टरफले आणि डोक्यांच्या चवीसाठी. सनदेत कोळंबी नाही; या घरात ती जाते. डोक्यांचा भाव तुकड्यांच्या भावाच्या पासंगालाही पुरत नाही आणि रश्श्याची सगळी मजा मात्र त्या डोक्यांत असते.

यातला रॉकफिश महत्त्वाचा. बुयाबेसचा राजा जो रास्कास, तो विंचूमाशांच्या कुळातला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे रॉकफिश त्याच गोतावळ्यातले. रास्कासचा तर अगदी सख्खा भाऊ, त्याच प्रजातिगणातला कॅलिफोर्निया स्कॉर्पियनफिश, दक्षिण कॅलिफोर्नियापासून मेक्सिकोच्या किनाऱ्यापर्यंत आणि कॅलिफोर्नियाच्या आखातातही मिळतो. तिथले कोळी त्याला स्कल्पिन म्हणतात. म्हणजे मार्सेहून मासा मागवायची गरजच नाही. त्याचे नातेवाईक चँडलरला सर्वांत जवळ असलेल्या दोन्ही समुद्रांत आहेत. दुकानात तो क्वचितच दिसतो. मिळालाच तर पाठीवरचे काटे आधी जाड कात्रीने कापून टाकावे लागतात, कारण त्यांत विष असते. ते विष उष्णतेने निकामी होते, त्यामुळे शिजल्यावर मासा निर्धोक.

जवळचा म्हणावा असा समुद्र प्रत्यक्षात मेक्सिकोत आहे. प्वेर्तो पेन्यास्को हे सोनोरा राज्यातले बंदर, अ‍ॅरिझोनाचे लोक त्याला रॉकी पॉइंट म्हणतात. ल्यूकव्हिलची सीमा ओलांडली की तासाभराचा रस्ता. चँडलरहून सगळे मिळून चारेक तास. अमेरिकी शेजारी शनिवार-रविवारी जातात आणि बर्फपेटी भरून कोळंबी आणतात. एच-१बी व्हिसावरच्या मराठी कुटुंबाला मात्र आधी पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत, आय-९४ हा प्रवेशनोंदीचा कागद आणि परतीच्या वेळचे नियम तपासावे लागतात. २०२३च्या डिसेंबरात तर ल्यूकव्हिलचे नाकेच महिनाभर बंद होते.

आखाताच्या उत्तर टोकाच्या मासळीला आणखी एक बाजू आहे. तिथे व्हाकिता नावाचा इवलासा सागरी सस्तन प्राणी जवळजवळ संपत आला आहे. टोटोआबा माशासाठी लावलेल्या जाळ्यांत अडकून तो मरतो. टोटोआबाचा हव्यास कशासाठी, तर त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीसाठी. चीनच्या बाजारात तिला सोन्याचा भाव. पालघरच्या कोळ्यांना हे नवे नाही. आपली घोळ याच कुळातली आणि तिचे बोत, म्हणजे तीच पिशवी, असेच परदेशी जाते. व्हाकिताच्या अधिवासात अशा जाळ्यांनी पकडलेल्या मासळीवर अमेरिकेने २०१८मध्ये न्यायालयाच्या आदेशाने आयातबंदी घातली. त्यामुळे तिकडची मासळी घ्यायची तर कुठल्या जाळ्याची हे विचारून घ्यावी, असा या घराचा नेम आहे.

पुरणयंत्राचा वाद

शनिवारी दुपारी परड्यात प्रोपेनची मोठी शेगडी मांडली. फीनिक्सच्या परिसरात मासळी खाणाऱ्या अनेक भारतीय घरांत अशी शेगडी असते. अमेरिकी घरांत स्वयंपाकघर आणि दिवाणखाना एकच, सोफ्याला लागलेला वास आठवडाभर जात नाही. बुयाबेसच्या ही अडचण पथ्यावर पडते, कारण तिला हवा तसा जाळ घरातल्या विजेच्या चुलीवर मिळतच नाही. डिसेंबरातली हवा पुण्यातल्यासारखी, अंगात स्वेटर आणि समोर जाळ.

आठ माणसांचे प्रमाण असे. डोकी आणि हाडे मिळून दोन किलो, तुकडे दोन किलो, कांदे तीन, बडीशेपेचे कंद दोन, टोमॅटो चार, लसणीच्या दहा-बारा पाकळ्या, ऑलिव्ह तेल पाऊण वाटी, बटाटे सहा, केशर दोन चिमटी, पाणी तीन लिटर. तमालपत्र, थाइम, बडीशेपेची छोटी पुरचुंडी.

सूनबाईने डोक्यांतले कल्ले उपटून टाकले. ते राहिले तर रस्सा कडवट होतो. पहिल्या काही वर्षांत ती डोकीही टाकून द्यायची. ते आजीने एकदा पाहिले. “टकली टाकतंस कित्याक गो? सगळी चव थंयच आसा,” एवढेच ती म्हणाली आणि तेव्हापासून डोकी वाढली, तुकडे कमी झाले.

तेलात कांदा आणि कंद मऊ करायचे, रंग येऊ द्यायचा नाही. मग लसूण, टोमॅटो, मग डोकी, हाडे, कोळंबीची टरफले. लाकडी डावाने ती कुटून फोडायची, उकळते पाणी ओतायचे, जाळ मोठा करायचा. पस्तीस-चाळीस मिनिटांत टोपात गढूळ, लालसर, भयंकर दिसणारा चिखल तयार होतो. मार्सेत हा चिखल हातगाळणीतून फिरवतात: खाली छिद्रांची चकती, वर फिरणारे पाते, हाताने गोल फिरवायची मूठ. मास आणि मज्जा खाली उतरते, काटे वर राहतात.

ही गाळणी पाहून मराठी माणसाला एकच वस्तू आठवते आणि ती या घरात होतीच. लग्नात आहेर आलेले स्टीलचे पुरणयंत्र, सामानात घालून पुण्याहून आणलेले. सूनबाईने ते मासळीसाठी पहिल्यांदा काढले, तेव्हा घरात पहिला खराखुरा वाद झाला. “पुरणयंत्रात मासे? देवाक काय सांगतलंस?” आजी अडून बसली. ज्यातून होळीचा नैवेद्य जातो, त्यातून माशाचे डोके जाणार नाही. सून म्हणाली, स्टील आहे, धुतले की झाले. आजी म्हणाली, मग तुझ्या आईला फोन लाव आणि विचार. फोन लागला नाही, कारण पुण्यात पहाटेचे चार वाजले होते. पण मुद्दा लागला. पुढच्या भारतवारीत दुसरे पुरणयंत्र आले. आज दोन्ही एकाच फडताळात आहेत. मासळीच्या यंत्राच्या मुठीला आजीने लाल दोरा बांधला आहे.

लाल दोऱ्याचे यंत्र टोपावर बसवून घरधन्याने मूठ फिरवायला घेतली. बारीक छिद्रांची चकती लावावी लागते, नाहीतर काटा उतरतो. तीन-चार पळ्या घालायच्या, फिरवायचे, उलटे फिरवून पात्याखालचा गाळ मोकळा करायचा, चोथा काढून टाकायचा, पुन्हा घालायचे. वीस मिनिटे हे चालले. खाली जो रस्सा जमला तो भगवा, दाट, एकसंध. वाटणाशिवाय वाटणाचे अंग आलेला.

संत्रे, केशर आणि मिरची

केशराला तेल चालत नाही. त्याचा रंग देणारा क्रोसिन हा घटक पाण्यात उतरतो, तेलात नाही. म्हणून फोडणीत टाकलेले केशर वाया जाते. श्रीखंडासाठी आपण ते कोमट दुधात खलतो. इथे ते कोमट रश्श्यात खलायचे. हे मात्र सूनबाईला कोणी शिकवावे लागले नाही.

संत्र्याच्या सालीची लांब पट्टी मार्सेत बरेच जण टाकतात. अ‍ॅरिझोनाच्या शाळांत मुलांना राज्याचे पाच आधारस्तंभ शिकवतात: तांबे, गुरे, कापूस, लिंबू-संत्री आणि हवामान. चँडलरच्या बऱ्याच घरांत संत्र्याचे झाड असते आणि डिसेंबर-जानेवारीत ते लगडलेले असते. आजी झाडाकडे गेली, साल खरवडून वास घेतला आणि एक संत्रे तोडून आणले. या टोपातली एकच वस्तू खरोखर चँडलरची होती आणि ती मार्सेच्या तोडीस तोड होती.

सोबतीला हवी रूय, म्हणजे लसूण, लाल मिरची, केशर, रश्श्यात भिजवलेला पाव आणि ऑलिव्ह तेल यांची घोटून केलेली दाट चटणी. बरेच जण अंड्याचा बलकही घालतात. ती खलबत्त्यात होते आणि खलबत्ता मराठी घरात असतोच. मिरची या घरात चिल्टेपिन. वाटाण्यापेक्षाही लहान, गोल, लाल रानमिरची. सोनोरा आणि दक्षिण अ‍ॅरिझोनाच्या डोंगरांत आपोआप उगवते आणि मेक्सिकन दुकानांत मिळते. लवंगीइतकी झणझणीत, पण ठसका लगेच ओसरणारी. लसूण आणि चिल्टेपिन मिठाबरोबर ठेचायचे, पाव घालायचा, मग तेलाची अगदी बारीक धार. धार जाड झाली की रूय फाटते.

पानावर

रस्सा पुन्हा जाळावर चढला. आधी बटाट्याच्या चकत्या. त्या अर्ध्या शिजल्यावर मंकफिश आणि केशर. मग स्नॅपर आणि रॉकफिशचे मोठे तुकडे, काट्यासकट. सगळ्यांत शेवटी हॅलिबट, चार-पाच मिनिटांपुरता. जाळ शेवटपर्यंत मोठा. डाव घालायचा नाही. फडक्याने टोप दोन्ही कडांना धरून हेलकावायचा. हे करताना आजीने कोणाला जवळ येऊ दिले नाही. वेंगुर्ल्यातही माशाचे कालवण असेच हलवतात.

मासे परातीत काढले, रस्सा वेगळ्या भांड्यात. लसूण चोळलेल्या पावाच्या कडक चकत्या, वर रूय, त्यावर रस्सा. आधी रस्सा-पाव, मग मासे, असा मार्सेचा क्रम. पाहुण्यांपैकी एक जोडपे शाकाहारी होते. त्यांच्यासाठी कांदा, कंद, टोमॅटो, केशर आणि संत्र्याच्या सालीचा वेगळा रस्सा होता, रूयही तशीच, पण पाव या रश्श्यात भिजवून आणि बलक वगळून. मुलांनी रूय पावावर संपवली आणि मासे काट्यांमुळे लांबवले. इथे वाढलेल्या मुलांना काटा सोडवता येत नाही, ही सगळ्याच घरांतली तक्रार.

माझे मत विचाराल तर रस्सा अव्वल होता. गोडसर, किंचित कडसर, खोल आणि तेलाचा थेंबही वेगळा न दिसणारा. मासे मात्र रश्श्याच्या मागे पडले. रॉकफिश चांगला लागला. हॅलिबटला बर्फाचा प्रवास सोसवला नव्हता, त्याचे दोर सुटत होते. आजीचा निकाल थोडक्यात आला: “सार बरा झाला. पण दोन सोला व्हयी होती.” सोलांची सूचना सूनबाईने हसून फेटाळली. आजीने आपल्या वाटीत एक सोल टाकलेच आणि भात मागून घेतला.

सनदेच्या मोजमापाने हे बुयाबेस नव्हे आणि तसे म्हणवूनही घेऊ नये. ताजेपणाची अट वाळवंटात पाळता येत नाही. मार्सेच्या धक्क्यावरची मासळी मार्सेतच खावी. पण या कालवणाचा अर्ध्याहून अधिक भाग रस्सा आहे. तो डोकी, जाळ आणि गाळणी या तीन गोष्टींवर ठरतो आणि या तिन्ही गोष्टी चँडलरमध्ये मिळतात. शेवंडीवर आणि हॅलिबटवर पैसे ओतणाऱ्यांचा रस्सा पाणचट झालेला मी पाहिला आहे. खर्च करायचाच तर केशरावर करावा.

आणि जे वाचक किनाऱ्यावर राहतात, त्यांचे काम तर फारच सोपे आहे. तुळशीचे लग्न आटोपले की मालवण, हर्णे किंवा ससून डॉकला सकाळी जा आणि कोळणीकडे बारक्या मासळीचा एक वाटा, तांबोशीची दोन डोकी आणि वामेचे चार तुकडे मागा. बडीशेपेचा कंद मिळाला नाही तर दाणे चालतील. जाळ मोठा ठेवा, तेल हात राखून घालू नका. आणि पुरणयंत्राला हात लावण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या.